कोऱ्या चकत्या

माझ्या मुठीत एकोणसाठ चकत्या होत्या. तेवीस गुलाबी, सतरा हिरव्या, अकरा पिवळ्या आणि आठ पांढऱ्या. त्यांच्यात मिसळून भुईमुगाची दोन टरफलं, एक वाकडी टाचणी आणि कुणाच्या तरी पोलक्याचं एक हूक. हे सगळं मी कळंबहून येरमाळ्याला जाणाऱ्या सकाळच्या मोटारीत, तिसऱ्या बाकाखाली गुडघे टेकून गोळा केलं होतं. तारीख चार डिसेंबर, साल एकसष्ट, वार सोमवार.

साठावी चकती गुलाबी होती, आणि ती एका काळ्या बुटाखाली अर्धी दबली होती.

“पाय उचला जरा,” मी बुटाला म्हणाले.

बूट हलला नाही. वरून आवाज आला, “काय हरवलं, बाई?”

“काही नाही. पाय—”

पण कंडक्टर लोकांना अर्धं वाक्य पुरतं. त्याने दोरी ओढली, घंटी टणटणली आणि मोटार करडईच्या रानाशेजारी धापा टाकत उभी राहिली.

“बाईंचं कानातलं पडलंय!” त्याने जाहीर केलं. “कुणी जागचं हलू नका. नाही... सगळे उठा. आपापल्या पायाखाली बघा.”

तीस माणसं एकदम वाकली. दोघांची डोकी एकमेकांवर आपटली. येडेश्वरीच्या देवळापुढं बोरं विकणाऱ्या सिताबाई पाटी सावरत म्हणाल्या, “सोन्याचं व्हय ग माय?” आणि उत्तराची वाट न बघता त्यांनी शेजारच्या म्हाताऱ्याचं धोतर झटकून बघितलं. पाच मिनिटांत एक बटण सापडलं, छत्रीची एक काडी सापडली आणि मागच्या बाजारी कुणाचा तरी पडलेला चष्म्याचा दांडा सापडला. कानातलं सापडलं नाही, कारण दोन्ही माझ्या कानांत होती. हे पहिल्यांदा सिताबाईंनीच पाहिलं.

“अगं, दोनी कानं तर भरलेली हायेत की हिची! मग मुठीत काय दडवलंय?”

मी मूठ उघडली. मोटारीतल्या सगळ्या माना माझ्या तळहातावर वाकल्या.

“तिकिटाच्या चकत्या,” मी म्हणाले. “पंच मारल्यावर खाली पडतात त्या. संक्रांतीची कार्डं करायला लागतात मला.”

ड्रायव्हर रेवणसिद्धने मागे वळून एकदा माझ्याकडे बघितलं आणि इंजिन सुरू केलं. सिताबाई शेजारणीला म्हणाल्या, आवाज जराही न उतरवता, “लई शिकलं की असं हुतंय बघ.”

कंडक्टरने बूट उचलला. वाकून साठावी चकती स्वतः वेचली, फुंकर मारून तिची धूळ उडवली आणि माझ्या तळहातावर ठेवली.

“साठ,” तो म्हणाला. “एकोणसाठ होत्या ना? बाकाखाली मोठ्यानं मोजत होता तुम्ही.”

कार्डांची हकीकत अशी. मी प्रमोदिनी, बी.एस्सी., वय तेवीस. वडील नारायणराव तुळजापूरला कारकून. मी कळंबला उमाआत्याकडे राहून रोज येरमाळ्याच्या शाळेत शास्त्र शिकवायला जात होते. वर्गात शेहेचाळीस मुली. त्यांपैकी त्रेचाळीस जणींना आजवर टपालाने काहीही आलं नव्हतं. मला वाटलं, या संक्रांतीला प्रत्येकीने आपल्या हाताने तीन कार्डं करावीत आणि मामाला, मावशीला, सासरी गेलेल्या बहिणीला पाठवावीत. हेडमास्तर म्हणाले, “अवश्य करा. फक्त शाळेकडं काही मागू नका.”

शास्त्र शिकलेल्या माणसापुढे अडचण आली की तो यादी करतो. जुन्या लग्नपत्रिका मिळाल्या. त्यांच्या मागच्या कोऱ्या बाजूचं कार्ड होतं. सिगारेटच्या पाकिटांतला चंदेरी कागद पानवाल्याने दिला. त्याची नखाने घासून सपाट केलेली पट्टी काठाला लावली की जर लावल्यासारखी दिसते. गव्हाच्या पिठाची खळ, तिच्यात चिमूटभर मोरचूद, म्हणजे कसर लागत नाही. ज्वारीच्या धांड्यातला पांढरा भेंड ब्लेडने कापून डाळीएवढे तुकडे केले आणि पाकळीखाली चिकटवले, की पाकळी कागदावर न पडता कागदापासून वर उचलली जाते. उन्हात धरलं की फुलाखाली फुलाची सावली पडते. राहता राहिल्या पाकळ्या. रंगीत कागद विकत घेणं शक्य नव्हतं. त्या सोमवारी मोटारीत खाली बघितलं, तर तयार, गोल, एकाच मापाच्या पाकळ्या माझ्या चपलांभोवती पसरलेल्या. एका फुलाला सहा, एका कार्डावर दोन फुलं, एकशे अडतीस कार्डं. वाया जाणाऱ्या धरून अठराशे बावीस.

दुसऱ्या दिवशी मी मोटारीत चढले, तेव्हा कंडक्टरने तिकिटाबरोबर कागदाची एक पुडी माझ्या हातात दिली.

“कालच्या तीन फेऱ्यांच्या. दोनशे चौदा. मोजून घ्या.”

मी मोजल्या. येरमाळा येईपर्यंत दोनदा मोजल्या.

“दोनशे अकरा आहेत.”

“तीन वाऱ्यानं नेल्या,” तो म्हणाला. “त्यांची तक्रार येडेश्वरीकडं करा. तिच्या डोंगराकडंच गेल्या.”

त्याचं नाव गोपाळकृष्ण. घर तुळजापूरचं, उपाध्येपणाचं. वडिलांना मुलगा देवळात हवा होता, पण मुलाने खाकी घातली. मी कारण विचारलं, तर म्हणाला, “घंटी तिथंही होती, बाई. पण ती वाजवून काही जागचं हलत नव्हतं.” चामडी पिशवीच्या तोंडावर तो आता एक रुमाल पसरायचा आणि त्यावर धरून पंच मारायचा. रुमाल पूर्वी पांढरा असावा.

पहिली चार फुलं तयार झाली आणि अयोध्या नावाच्या मुलीने कार्ड डोळ्यांजवळ नेऊन विचारलं, “बाई, फुलावर सात का लिवलंय?”

खरंच लिहिलं होतं. तिकिटाच्या कडेने टप्प्यांचे आकडे छापलेले असतात. जिथे उतरायचं तो आकडा कंडक्टर पंचाने उडवतो. म्हणजे प्रत्येक चकतीवर एक आकडा. एका पाकळीवर सात, दुसरीवर अकरा, तिसरीवर अर्धा नऊ.

दुसऱ्या दिवशी मी ते कार्ड त्याला दाखवलं.

“वा,” तो म्हणाला. “हे फूल येरमाळ्याला उतरणार. आणि हे... हे पार बार्शीला चाललंय.”

“थट्टा नको. मला कोऱ्या चकत्या पाहिजेत.”

“कोऱ्या?”

“आकडा नसलेल्या.”

त्याने कानामागची पेन्सिल काढली, परत ठेवली. “कोऱ्या म्हणजे तिकिटाच्या कोपऱ्यातून काढाव्या लागतील. तिथं काही छापलेलं नसतं.”

“नियमात बसतं का?”

“नियमात कोपऱ्याबद्दल काही लिहिलेलं नाही.” मग जरा थांबून... “मी शोधलेलंही नाही.”

तेव्हापासून प्रत्येक तिकिटाला दोनदा टिक्‌ होऊ लागलं. पहिलं टप्प्याचं. दुसरं माझं. आणि दुसऱ्याच्या वेळी तो मान वर करून माझ्याकडे बघायचा, जणू ते भोक बरोबर जागी पडलं की नाही हे माझ्या चेहऱ्यावर लिहिलेलं होतं. मोटार माणसांनी गच्च असली तरी त्याला मी कुठे बसले आहे ते कधी शोधावं लागलं नाही. मी खिडकीबाहेर बघत असे. काचेत सगळं दिसतं.

सोळा डिसेंबरच्या संध्याकाळी मी आत्याच्या ओट्यावर बसून चकत्या निवडत होते. आकड्यांच्या एका बाजूला, कोऱ्या दुसऱ्या बाजूला. वाऱ्याने एक गुलाबी चकती उलटली. मी ती सरळ करायला बोट लावलं... आणि तिथेच थांबले.

मागून ती कोरी होती.

अर्थातच कोरी होती. तिकिटाच्या मागच्या बाजूला कुणी काही छापत नाही आणि रंग तर कागदाचाच, दोन्हीकडून सारखा. आकड्याची कुठलीही चकती उलटी चिकटवली की कोरी पाकळी! माझ्या डब्यात आकड्यांच्या सहाशे चाळीस पडून होत्या. कुणाला एकही जादा भोक पाडायची गरज नव्हती. शास्त्राच्या पदवीधराला हे कळायला बारा दिवस लागावेत!

सोमवारी येरमाळ्याला उतरताना हे सांगायचं मी पक्कं ठरवलं होतं. त्याने पुडी पुढे केली. “आजच्या सत्तावीस. कोऱ्या,” तो म्हणाला, आणि हसला.

“छान,” मी म्हणाले.

एवढंच म्हणाले.

सहा जानेवारीला वेळ अमावस्या आली. आमच्याकडची येळवस. त्या दिवशी गावात कुणी राहत नाही, सगळे रानात. शाळेला सुट्टी होती. तरी मी सकाळच्या मोटारीत जाऊन बसले. मोटारीत माझ्याखेरीज दोन माणसं आणि सिताबाई.

“शाळा बंद आहे ना आज?” त्याने विचारलं.

“हो. पण कार्डं दाबून ठेवलीत वजनाखाली. बघायला हवीत.”

“रिकाम्या गाडीत चकत्या मिळायच्या नाहीत.”

“माहीत आहे.”

“चारच मिळतील.”

“चार चालतील.”

त्याने माझं तिकीट फाडलं. टिक्‌. मग फार हळू... टिक्‌.

अर्ध्या वाटेवर रेवणसिद्धच्या मेहुण्याचं रान लागलं आणि मोटार न सांगताच थांबली. कडब्याच्या खोपीत पांडवांची पूजा झाली होती. आम्हा सगळ्यांना, मोटारीसकट आल्याबद्दल कुणीही आश्चर्य न करता, पंगतीला बसवलं. बाजरीचे वाफवलेले उंडे, भाज्या नि डाळी एकत्र शिजवलेली भज्जी, मातीच्या लोटकीत ताकातली आंबील. ज्वारी डोक्याएवढी उभी होती आणि वाऱ्यावर कणसं एकमेकांना लागत होती. गोपाळकृष्ण माझ्या समोर बसला होता. त्याच्या मिशीला आंबील लागली होती. सांगावं की नाही, याचा मी बराच वेळ विचार केला.

“मास्तरीणबाई,” सिताबाई म्हणाल्या, “त्याच्या तोंडाकडं काय बघतीस? भज्जीत माशी पडली तुझ्या.”

तीनच दिवसांनी, नऊ तारखेच्या मंगळवारी, सकाळच्या फेरीला वाटेत तपासनीस चढला. बारीक अंगाचा, चष्म्याचा माणूस. त्याने पहिलंच तिकीट सिताबाईंचं मागितलं. सिताबाईंनी ते कनवटीतून काढलं, बोटाने सपाट केलं आणि दिलं.

“आजी, याला दोन भोकं आहेत.”

“असू देत की. मला एक पुरतंय.”

“हे तिकीट आधी कुणाला विकलेलं होतं?”

त्याने दुसरं तिकीट बघितलं. तिसरं बघितलं. वापरलेलं तिकीट परत घेऊन पुन्हा विकणारे कंडक्टर त्याने पुष्कळ पकडले असतील. पण मोटारीतल्या एकतीसच्या एकतीस तिकिटांना एकाच कोपऱ्यात एक जादा भोक, असं त्याने कधी पाहिलं नसावं. तो हळूहळू आनंदी होत गेला. सगळी तिकिटं गोळा करून त्याने सुतळीने बांधली. एकतिसावं माझं होतं.

“ही कसली खूण?” त्याने गोपाळकृष्णला विचारलं. “कुणाला आहे?”

मी उठून बोलायला हवं होतं. माझ्या तोंडात शब्द तयार होते. पण तिसऱ्या बाकाजवळून गोपाळकृष्णने माझ्याकडे बघितलं आणि मान अगदी थोडी हलवली. नको. शाळेतल्या बाईचं नाव सरकारी कागदावर नको.

“चूक झाली, साहेब,” तो म्हणाला.

येरमाळ्याला मी उतरताना त्याने नेहमीसारखी पुडी पुढे केली. “आजच्या एकतीस,” तो म्हणाला. या वेळी हसला नाही. दुसऱ्या दिवसापासून त्याच्या जागी दुसराच कंडक्टर होता. त्या मोटारीत टिक्‌ एकदाच व्हायचं.

संक्रांत झाली. एकशे अडतीस कार्डं गेली. अयोध्याच्या मावशीचं उत्तर आलं, की फूल इतकं खरं वाटलं की शेजारणीने वास घेऊन बघितला. मी मुलींना ते वाचून दाखवलं आणि मध्येच विसरले मी कुठल्या ओळीवर आहे.

बातमी रेवणसिद्धने दिली. वर्षभरात तो माझ्याशी पहिल्यांदाच बोलला. “दोन फेब्रुवारीला धाराशिवला चौकशी आहे, बाई. खूण कुणाला होती ते सांगत नाही गडी. नाही सांगितलं तर नोकरी जाते. तुळजापूरला बाप म्हणतोय, बरं झालं, ये देवळात.” एवढं बोलून त्याने गिअर टाकला.

त्या रात्री जेवताना मी उमाआत्याला सगळं सांगितलं. बाकाखालच्या साठाव्या चकतीपासून. फक्त एक गोष्ट सोडून.

“कंडक्टर!” आत्या म्हणाली. “पमे, कंडक्टर? नारायणला मी काय तोंड दाखवू?”

“मला फक्त खरं काय ते सांगायचंय तिथं जाऊन.”

“खरं सांगायला बाईमाणूस धाराशिवला जातं होय गं?”

त्या दिवसांत सगळीकडे अष्टग्रहीची आवई होती. तीन फेब्रुवारीला आठ ग्रह एका राशीत जमणार आणि जगबुडी होणार. मी वर्गात फळ्यावर आकृती काढून असं काही होत नसतं हे समजावलं होतं. मुलींना पटलं, आत्याला नाही. तिने वर्षाचे पापड जानेवारीतच तळून संपवले होते. ती ताटावर हात धरून काही वेळ बसली. तिच्या मनात तारखांचा हिशेब चालला असावा.

“चौकशी कधी म्हणालीस?”

“दोनला.”

“आणि तीनला अष्टग्रही.” तिने सुस्कारा सोडला. “मग चल. मीही येते. जग बुडायचंच असेल तर कंडक्टर काय नि कलेक्टर काय.”

धाराशिव डेपोचे मॅनेजर वसंतराव म्हणजे गोल चेहऱ्याचे, घामेजलेले गृहस्थ. टेबलावर फायलींचा ढीग. “उद्या काय व्हायचं ते होवो,” आम्हाला बसायला सांगत ते म्हणाले, “माझ्या टेबलावर फाईल शिल्लक नको.” भिंतीशी गोपाळकृष्ण उभा होता. वाळला होता. मला बघून त्याने पुन्हा तशीच मान हलवली, नको म्हणून. या वेळी मी दुसरीकडे बघितलं.

मी पिशवीतून पुडी काढून टेबलावर ठेवली. प्रत्येक पुडीवर चिठ्ठी लावायची माझी सवय प्रयोगशाळेतली. चिठ्ठीवर होतं: नऊ जानेवारी, सकाळची फेरी, एकतीस.

“ही खूण नव्हती,” मी म्हणाले. “तुमच्या गड्डीतल्या तिकिटांच्या कोपऱ्यांतून जे पडलं, ते सगळं यात आहे. मोजा. तिकीट दुसऱ्यांदा विकलं असतं, तर दुसरं भोक दुसऱ्या आकड्यावर पडलं असतं. एकाही चकतीवर आकडा नाही.”

वसंतरावांनी सुतळी सोडली. तिकिटं मोजली, चकत्या मोजल्या. एकतीस, एकतीस. मी त्यांना उरलेलं एक कार्ड दाखवलं आणि कोऱ्या पाकळ्या का लागतात ते सांगितलं. त्यांनी कार्ड उजेडात धरलं, फुलाखालची सावली बघितली. त्यांचा चेहरा मऊ होत चालला होता.

“सुंदर,” ते म्हणाले. “माझ्या मुलीला दाखवलं पाहिजे. म्हणजे आकडा नको म्हणून—” आणि बोलता बोलता त्यांनी गड्डीतलं एक तिकीट उचलून उलटं केलं. मग पुन्हा सुलटं केलं. पुन्हा उलटं.

“बाई,” ते म्हणाले, “मागून कोरंच आहे की हे.”

आत्याच्या हातातली जपमाळ थांबली.

“आकड्याची चकती उलटी चिकटवली की झालं. दुसरं भोक लागतंच कशाला?” त्यांचा आवाज परत कोरडा झाला. “तुम्ही बी.एस्सी. आहात म्हणालात?”

“हो.”

“आणि हे तुमच्या लक्षात आलं नाही?”

नाही, एवढंच म्हणायचं होतं. मास्तरीण बावळट ठरली असती आणि फाईल मिटली असती. त्या ‘नाही’ने कुणाचंच वाईट होणार नव्हतं. पण बघितलेली गोष्ट बघितली नाही असं एकदा लिहिलं, की त्यानंतरच्या कुठल्याही आकड्यावर माझा मलाच विश्वास राहिला नसता. शिवाय तो माझ्याकडे बघत होता.

“आलं होतं,” मी म्हणाले.

“कधी?”

“सोळा डिसेंबरला. संध्याकाळी.”

“मग यांना सांगितलं का नाही?”

“सांगितलं असतं तर... दुसरं भोक बंद झालं असतं.”

“व्हायलाच पाहिजे होतं!”

“दुसरं भोक पाडताना,” मी टेबलाच्या कडेकडे बघत म्हणाले, “कंडक्टर मान वर करून माझ्याकडं बघतात. पहिल्याला बघत नाहीत. एका फेरीत सरासरी सव्वीस वेळा. मला... ते कमी व्हायला नको होतं.”

वसंतरावांनी चष्मा काढला. आत्या पुटपुटली, “अष्टग्रही आजच लागली गं बाई.”

“साहेब,” गोपाळकृष्ण भिंतीपासून पुढे आला. “मलाही माहीत होतं.”

“काय माहीत होतं?”

“मागून कोरं असतं ते. तीन वर्षं पंच मारतोय, साहेब. दिवसाला दोन-अडीचशे पडतात. निम्म्या उलट्याच पडतात.”

मी वळून बघितलं. “मग सांगितलं का नाही मला?”

“तुम्ही मागितल्या होत्या ना कोऱ्या.” तो आपल्या बुटांकडे बघत होता. “म्हटलं, बाईंना एक ना एक दिवस कळेलच. बी.एस्सी. आहेत. तोवर जितके दिवस मिळतील तितके...”

“म्हणजे तुम्हाला वाटत होतं मला कळलं नाही!”

“आणि तुम्हाला वाटत होतं मला!”

“मी पदवीधर आहे!”

“मी कंडक्टर आहे. तिकीट माझं आहे!”

“गप्प!” वसंतरावांनी टेबलावर हात आपटला. एकतीस चकत्या उडाल्या आणि फायलींवर पसरल्या. “दोघांनाही माहीत होतं. दोघंही गप्प बसलात. आणि महिनाभर माझ्या तिकिटांची चाळण केलीत!” त्यांनी दौतीत टाक बुडवला आणि लिहिता लिहिता बोलत राहिले. “फसवणूक नाही. लेखी ताकीद. जग जागेवर असलं तर सोमवारपासून ड्युटी, त्याच मार्गावर. आणि यापुढं एकमेकांकडं बघायचं ते फुकट बघा. तिकिटाला भोक पडता कामा नये.”

दाराबाहेर आल्यावर आत्याने गोपाळकृष्णला आपादमस्तक न्याहाळलं. “उपाध्यांपैकी कुणाचा रे तू?” त्याने सांगितलं. “म्हणजे तुझ्या आजीच्या हातचं पुरण मी खाल्लंय,” ती म्हणाली, आणि तिच्या दृष्टीने चौकशी तिथे संपली. “नारायणला मी कागद लिहिते. आत्ता नाही. पाच-सहा दिवस थांबते. जग राहिलं तर टाकते पेटीत.”

परतीच्या मोटारीत ती पुढच्या बाकावर बसली आणि डोळे मिटून जप करू लागली. तो खांबाला धरून उभा राहिला. कंडक्टरला मोटारीत बसायची सवय नसते.

“बस की,” आत्या डोळे न उघडता म्हणाली. “तिकीट काढलंयस ना?”

तो माझ्या शेजारी बसला. खिडकीतून तुरीच्या रानाचा वास येत होता. येडशी मागे पडली.

“बाई...” तो म्हणाला.

“प्रमोदिनी.”

त्याने ते नाव एकदा ओठांतल्या ओठांत म्हणून बघितलं. “मला नीट काही बोलता येत नाही. आत नुसतं धडधडतंय.”

“किती?”

“किती म्हणजे?”

“हात द्या,” मी म्हणाले.

त्याने हात दिला. मी मनगटावर तीन बोटं ठेवली आणि घड्याळाच्या सेकंदकाट्याकडे बघितलं. तो काहीतरी विचारणार होता. मी मान हलवली. मोजताना बोलू नये. एक मिनिट पुरं झालं. मग मी त्याचा हात न सोडता दुसऱ्या मिनिटात माझी स्वतःची नाडी मोजली.

त्याची एकशे आठ. माझी एकशे सोळा.